अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा इतिहास : कोणी शिकविला, कसा शिकविला

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेचे जुने अंक चाळले असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. ज्ञातीच्या उत्पत्तीविषयी एखादा तरी लेख त्यात असतोच. कोणी आपले मूळ एखाद्या राजवंशात शोधतो, कोणी पुराणातील एखाद्या ऋषीच्या गोत्रात. कोणी ताम्रपटाचा हवाला देतो, पण तो ताम्रपट आज कोठे आहे हे मात्र सांगत नाही. ह्या लेखांची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. ज्या समाजाचे नाव शाळेच्या पुस्तकात कधी आले नाही, त्याला ते आपल्या हाताने लिहावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. परंतु ते कोणत्या रीतीने लिहावे, हा प्रश्न मागे उरतोच. ह्या प्रश्नाशी जन्मभर झुंजलेल्या एका परदेशी इतिहासकाराचा व त्याच्या समाजाचा परिचय ज्ञातिबंधु-भगिनींना करून द्यावा, एवढ्यासाठी हा लेख लिहिला आहे. समाज अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा; इतिहासकाराचे नाव कार्टर वुडसन. ('नीग्रो' हा शब्द त्या काळी त्या समाजाचे पुढारीही स्वतःस लावीत. आज तो त्याज्य मानला जातो. म्हणून संस्था व ग्रंथ ह्यांच्या नावांपुरताच तो येथे ठेवला आहे.)

ज्यांचा इतिहास लिहावयाचा त्यांना मुळात अक्षरच शिकू द्यावयाचे नाही, अशी तेथील आरंभीची स्थिती होती. दक्षिण कॅरोलिना वसाहतीने १७४० सालीच गुलामास लिहिण्यास शिकविणाऱ्यावर दंड बसविणारा कायदा केला. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर ह्याच्या नेतृत्वाखाली गुलामांचा उठाव झाल्यावर दक्षिणेतील राज्यांनी ही बंधने अधिकच आवळली. बाल्टिमोर शहरात फ्रेडरिक डग्लस नावाच्या गुलाम मुलास मालकिणीने मुळाक्षरे शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हा मालकाने तिला थांबविले. लिहितावाचता गुलाम हातात राहत नाही असे त्याचे म्हणणे होते. मालकाच्या ह्या बोलण्यानेच मुलास विद्येची किंमत कळली. रस्त्यावरील गरीब गोऱ्या मुलांस भाकरीचे तुकडे देऊन तो त्यांच्याकडून धडे घेऊ लागला. हाच डग्लस पुढे गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यातील अग्रगण्य वक्ता झाला व १८४७ साली त्याने स्वतःचे वर्तमानपत्र काढले. त्याच्याही वीस वर्षे आधी, १८२७ च्या मार्च महिन्यात, न्यूयॉर्क येथे सॅम्युएल कॉर्निश व जॉन रसवर्म ह्या दोघा कृष्णवर्णीयांनी 'फ्रीडम्स जर्नल' हे पत्र सुरू केले होते. आमच्या वतीने आजवर दुसरेच बोलत आले, यापुढे आमची बाजू आम्हीच मांडू, असा त्याचा उद्देश होता.

यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे पुनर्रचनेचा काळ म्हणून ओळखली जातात. ह्या अवधीत कालपर्यंतचे गुलाम मतदार झाले, राज्यांच्या विधिमंडळांत व राष्ट्रीय काँग्रेसमध्येही निवडून आले आणि दक्षिणेत सार्वजनिक शाळांचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. पुढे १८७७ च्या सुमारास हे सारे उलटले. मतदानाचा हक्क हरतऱ्हेच्या युक्त्यांनी काढून घेतला गेला. शाळा, आगगाड्या, उपाहारगृहे वेगळी झाली. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, हक्क हिरावून घेतल्यानंतर ते हिरावून घेणे न्याय्यच होते असे पटविणारा इतिहास पाठोपाठ तयार झाला, आणि तो लिहिणारे लोक अडाणी वा आडमुठे नव्हते, तर त्या देशातील नामांकित प्राध्यापक होते.

न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग हे इतिहासाचे अध्यापक होते. त्यांच्या शिष्यांनी दक्षिणेतील एकेका राज्याचा पुनर्रचना-काळ घेऊन त्यावर ग्रंथ लिहिले. तळटीपांनी भरलेल्या ह्या ग्रंथांचा निष्कर्ष थोडक्यात एवढाच होता : कृष्णवर्णीयांस मताधिकार देणे ही चूक होती, कारण राज्य चालविण्याची पात्रताच त्यांच्यात नव्हती. प्रिन्स्टन विद्यापीठातील वुड्रो विल्सन ह्यांनी १९०२ साली पाच खंडांत अमेरिकन लोकांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्याचाही सूर असाच होता. हेच विल्सन १९१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. १९१५ साली डी. डब्ल्यू. ग्रिफिथ ह्यांचा 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा मूकपट निघाला. कृष्णवर्णीयांस पशुवत रंगवून कू क्लक्स क्लॅन ह्या दहशतवादी टोळीस तारणहार ठरविणाऱ्या त्या चित्रपटाच्या मधल्या पाट्यांवर विल्सन ह्यांच्या इतिहासातील उतारे आधार म्हणून झळकत होते. चित्रपट खुद्द राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी दाखविण्यात आला. बॉस्टन, न्यूयॉर्क आदी शहरांतील कृष्णवर्णीयांनी निषेध केला, बॉस्टनमध्ये पत्रकार विल्यम मनरो ट्रॉटर ह्यांस अटकही झाली. पण खेळ चालूच राहिले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात जॉर्जिया राज्यातील एका डोंगरावर, जवळजवळ नामशेष झालेली क्लॅन पुन्हा स्थापन झाली. प्राध्यापकाचा ग्रंथ, त्यावरून पडद्यावरील चित्र आणि चित्रावरून मशाली घेतलेला जमाव, असा हा प्रवास आहे. इतिहासाचे पुस्तक कपाटात पडून राहते, त्याने कोणाचे काय बिघडते, असे मानणाऱ्यांनी १९१५ हे साल लक्षात ठेवावे.

हे संस्कार शाळेतून होण्याची व्यवस्थाही चोख होती. दक्षिणेच्या बाजूने लढलेल्यांच्या कन्यांनी १८९४ साली एक महिला-संघटना स्थापन केली होती. तिच्या इतिहासविभागाच्या प्रमुख राहिलेल्या मिल्ड्रेड रदरफोर्ड ह्यांनी १९२० च्या सुमारास पाठ्यपुस्तके पारखण्याचा एक 'मापदंड' छापून शाळा व ग्रंथालयांत वाटला. दक्षिणेने गुलाम राखण्यासाठी युद्ध केले असे जे पुस्तक म्हणेल ते नाकारावे. गुलामांचा मालक क्रूर होता असे जे म्हणेल तेही नाकारावे. आणि ग्रंथालयात असे पुस्तक आधीच असेल तर ते दक्षिणेवर अन्याय करणारे आहे असा शेरा त्यावर मारावा, अशा त्यातील सूचना होत्या. प्रकाशकांना पुस्तके खपवावयाची असत. त्यामुळे अशा सूचनांचा मान राखलेली पुस्तके निघत.

वर्तमानपत्रांनी काय केले हे पाहावयाचे तर १९०६ सालचे अटलांटा शहर पाहावे. त्या वर्षी राज्यपालपदाच्या निवडणुकीत उतरलेले दोन्ही प्रमुख उमेदवार वृत्तपत्रव्यवसायाशी संबंधित होते आणि कृष्णवर्णीयांस कोण अधिक दाबात ठेवील ह्याची त्यांच्यात चढाओढ लागली होती. २२ सप्टेंबर रोजी गोऱ्या स्त्रियांवरील कथित हल्ल्यांच्या बातम्या देणारे जादा अंक एकामागून एक रस्त्यात विकले गेले. त्या रात्री जमावाने कत्तल आरंभिली. मेलेल्यांचा आकडा वेगवेगळा सांगितला जातो. निदान २५ कृष्णवर्णीय ठार झाले असे सामान्यतः मानतात.

ह्या प्रचंड यंत्रणेसमोर त्या समाजाजवळ काय होते? काही छापखाने, काही शिक्षक आणि पुरावा. पुराव्याचे सामर्थ्य प्रथम ओळखले ते आयडा वेल्स ह्या तरुण शिक्षिका-पत्रकाराने. १८९२ साली मेम्फिस येथे किराणा दुकान चालविणाऱ्या तिच्या एका स्नेह्यास व त्याच्या दोन सोबत्यांस जमावाने ठार मारले. अशा हत्या बलात्काराच्या गुन्ह्यापायी होतात, हा त्या काळचा सर्वमान्य समज होता. तिने एकेका घटनेची चौकशी केली व तो समज खोटा असल्याचे आपल्या पत्रात लिहिले. ती बाहेरगावी असताना तिचा छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला आणि मेम्फिसला परतलीस तर जीव जाईल अशी धमकी आली. पुढे लिहिलेल्या पुस्तकांत तिने हत्यांचे आकडे व वर्णने मुद्दाम गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतून घेतली. साक्षीदार प्रतिपक्षाचाच असल्यावर त्याला खोटा कोण ठरविणार?

आता वुडसनकडे वळू. त्याचा जन्म १८७५ सालचा, व्हर्जिनियातील एका खेड्यात. आईबाप पूर्वी गुलाम होते. शेतीच्या कामामुळे शाळा थोडीथोडकीच झाली. तरुणपणी तो पश्चिम व्हर्जिनियाच्या फेएट परगण्यात कोळशाच्या खाणीत कामास लागला. तेथे ऑलिव्हर जोन्स नावाचा एक खाणकामगार होता. तो यादवी युद्धात लढलेला होता, पण त्याला वाचता येत नव्हते. संध्याकाळी खाणकामगार त्याच्या घरी जमत. जोन्स वर्तमानपत्रे विकत घेई, आपल्या समाजाविषयीची पुस्तके जमवी आणि ह्या पोराकडून सर्वांस ती वाचून घेई. मोबदला काय, तर फळे व खाऊ. वाचन झाले की चर्चा होई. युद्धात लढलेले लोक आपापल्या आठवणी सांगत. पारावर एकाने वर्तमानपत्र वाचावे व दहांनी ऐकावे ही रीत आपल्याही गावांतून होतीच. पण आपल्याकडील त्या वाचकांपैकी किती जणांनी ऐकणाऱ्यांच्या आठवणी टिपून ठेवल्या, हे शोधून पाहण्यासारखे आहे. वुडसनने पुढे स्वतः लिहून ठेवले आहे की, आपल्या लोकांचा इतिहास धुंडाळण्याची ओढ त्यास जोन्सच्या घरी लागली.

विसाव्या वर्षी तो माध्यमिक शाळेत बसला आणि दोन वर्षांच्या आत ती पुरी केली. पुढे शिक्षकी केली, फिलिपाइन्स बेटांत जाऊन शिकविले, शिकागो विद्यापीठाची पदवी घेतली व १९१२ साली हार्वर्डमधून इतिहास विषयात डॉक्टरेट मिळविली. त्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारा तो दुसरा कृष्णवर्णीय, पहिले डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस. तुमच्या लोकांना इतिहासच नाही, असे हार्वर्डच्या एका प्राध्यापकाने त्यास ऐकविले होते. हे उद्गार तो कधी विसरला नाही. तथापि त्याने रागाने उलट उत्तर दिले नाही. तो कागदपत्रे जमवू लागला.

१९१५ च्या सप्टेंबरात, म्हणजे 'द बर्थ ऑफ अ नेशन' ठिकठिकाणी गाजत असतानाच, वुडसनने चार सहकाऱ्यांसह शिकागो येथे नीग्रो जीवन व इतिहास ह्यांच्या अभ्यासासाठी संस्था स्थापन केली. चार महिन्यांत तिच्या त्रैमासिकाचा पहिला अंक निघाला. त्याच्या छपाईसाठी वुडसनने आपल्या विम्याच्या पॉलिसीवर चारशे डॉलर कर्ज काढले होते. त्रैमासिकात जुनी खरेदीखते, मृत्युपत्रे, जनगणनेच्या नोंदी, पत्रव्यवहार असे कोरडे वाटणारे साहित्य भरलेले असे. १९२१ मध्ये त्याने स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, कारण असले ग्रंथ घेण्यास इतर प्रकाशक तयार नसत. १९२२ साली त्याचे 'द नीग्रो इन अवर हिस्टरी' हे शालोपयोगी पुस्तक आले. वॉशिंग्टनमधील एका घरात खाली कचेरी, वर बिऱ्हाड अशा रीतीने हा अविवाहित मनुष्य राहिला आणि १९५० साली तेथेच वारला. स्वभावाने तो हट्टी होता. देणगीदारांनी एखाद्या विद्यापीठाशी संस्था जोडा म्हटले, तर त्याने देणग्या गमावल्या पण संस्था जोडली नाही. सहकाऱ्यांशीही त्याचे खटके उडत. संस्थेची चालक मंडळी ह्या स्मरणिकेच्या वाचकांत बरीच आहेत. अशा मनुष्याबरोबर काम करणे किती अवघड असते, हे त्यांना मी सांगावयास नको.

१९२६ च्या फेब्रुवारीत त्याने 'नीग्रो इतिहास सप्ताह' सुरू केला. अब्राहम लिंकन ह्यांचा जन्मदिवस १२ तारखेस. डग्लस ह्यांचा १४ तारखेस पाळला जाई. हे दोन्ही दिवस त्या समाजात आधीपासून साजरे होत असत. वुडसनने त्यांच्याभोवती अभ्यासाचा आठवडा गुंफला आणि चित्रे, नाटुकली, पाठांच्या रूपरेषा शाळाशाळांतून पाठविल्या. दोन थोर पुरुषांच्या जयंतीपुरते न थांबता संपूर्ण समाजाने इतिहासात काय केले ते मुलांनी पाहावे, आणि पुढे हे शिक्षण वर्षभर चालू लागून सप्ताहाची गरजच उरू नये, अशी त्याची इच्छा होती. सप्ताहाचा महिना झाला. १९७६ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड ह्यांनी त्यास मान्यता दिली. गरज उरू नये ही इच्छा मात्र फळली नाही.

वुडसनचे खरे सैन्य म्हणजे दक्षिणेतील वेगळ्या शाळांतील शिक्षक व शिक्षिका. लुइझियाना राज्यातील एका शाळेत १९३३ च्या सुमारास एक तरुण शिक्षिका सरकारमान्य पाठाचा कागद टेबलावर ठेवी आणि वुडसनचे पुस्तक मांडीवर. वर्गात ती मांडीवरील पुस्तकातून वाचून दाखवी. मुख्याध्यापक दाराशी आले की नजर टेबलावरील कागदाकडे जाई. तिच्या एका विद्यार्थ्याने ही हकीकत पुढे सांगितली म्हणून ती आपल्यापर्यंत आली. अशा आणखी किती मांड्यांवर किती पुस्तके होती, ह्याची नोंद कोण ठेवणार?

त्याच १९३३ साली वुडसनचा सर्वांत झोंबणारा ग्रंथ आला, 'द मिस-एज्युकेशन ऑफ द नीग्रो'. त्यात त्याचा रोख गोऱ्यांपेक्षा आपल्याच समाजातील सुशिक्षितांवर अधिक आहे. ज्या शाळेत आपले पूर्वज क्षुद्र होते असेच शिकविले जाते, तेथून वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झालेला मनुष्य आपल्या लोकांचा तिटकारा घेऊनच बाहेर पडतो. मग त्यास निराळे कोणी दाबण्याची गरज उरत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे वाचताना शहरात चांगल्या हुद्द्यावर पोहोचताच गावाकडचे आडनाव बदलून घेणारे आमचे कित्येक सद्गृहस्थ डोळ्यांसमोर येतात. त्यांस दोष देणे सोपे आहे, परंतु आडनाव ऐकताच भोवतालच्यांची नजर बदलते म्हणूनच ते बदलावे लागते, हेही खरे.

वुडसनने केवळ पूर्वजांचे पोवाडे गाण्याचे नाकारले. त्याच्या समाजातही, प्राचीन काळी आपणच सर्व जगाचे गुरू होतो, असे आवेशाने लिहिणारे लोक होते. तो स्वतः आफ्रिकेच्या जुन्या राज्यांविषयी अभिमानाने लिही; पण त्याचा आग्रह असा की, आपल्या लोकांचा वेगळा इतिहास मागावयाचा नसून जगाच्या इतिहासात आपले लोक कोठे होते ते दाखवावयाचे आहे; आणि ते दाखवावयाचे तर कागद हवा. राजवंशाचा दावा करणाऱ्याच्या मनात, राजा नसलेला मनुष्य इतिहासास पात्र नाही, ही विरोधकाचीच समजूत दडलेली असते. वुडसनच्या त्रैमासिकात लोहार, नाविक, गुराखी, शिंपिणी व शाळामास्तर ह्यांना जागा मिळाली. माझ्या मते त्याचे मोठेपण मुख्यतः येथे आहे.

ड्यू बॉइस ह्यांनी हेच युद्ध दुसऱ्या आघाडीवर लढविले. १९०९ च्या डिसेंबरात अमेरिकेतील इतिहासकारांच्या परिषदेत त्यांनी पुनर्रचनेच्या लाभांवर निबंध वाचला. श्रोत्यांत डनिंग स्वतः होते. पुढील वर्षी तो परिषदेच्या पत्रिकेत छापला गेला, तेव्हा 'नीग्रो' शब्दाचे आद्याक्षर मोठ्या लिपीत छापावे ही ड्यू बॉइस ह्यांची विनंती संपादकाने मानली नाही. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने ह्यातील डंख आपल्याला चटकन जाणवणार नाही. परंतु इंग्रजीत लोकसमूहांची नावे मोठ्या अक्षराने आरंभितात, आणि ह्या एकाच समाजाचे नाव लहान अक्षराने छापले जात होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मोठे अक्षर स्वीकारले ते १९३० साली. १९३५ मध्ये ड्यू बॉइस ह्यांनी पुनर्रचनेवर बृहद्ग्रंथ लिहिला आणि त्याच्या अखेरच्या प्रकरणात चालू पाठ्यपुस्तके तपासून दाखविली. कृष्णवर्णीय अडाणी होते, आळशी व अप्रामाणिक होते आणि त्या काळातील वाईट कारभारास तेच जबाबदार होते, एवढेच अमेरिकेतील मूल शिकत असे. विद्वानांच्या जगाने ह्या ग्रंथास त्याचे योग्य स्थान देण्यास आणखी पंचवीस-तीस वर्षे घेतली.

ह्या इतिहासाचे धागे आपल्या प्रदेशापर्यंत आलेले आहेत. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांस मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील सदाचारी लोकांस अर्पण केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ज्या विद्यापीठात डनिंग शिकवीत तेच हे विद्यापीठ आणि ज्या काळात तो चित्रपट निघाला तोच हा काळ. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस ह्यांस पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांच्या वतीने गेलेल्या अर्जाची प्रत मागविली. अस्पृश्यांची व त्यांची स्थिती इतकी सारखी आहे की एकीच्या अभ्यासकाने दुसरीचा अभ्यास करणे अगत्याचे आहे, असे त्यांनी कळविले होते. ड्यू बॉइस ह्यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. पुढे जनार्दन वाघमारे ह्यांनी अमेरिकन नीग्रोंच्या साहित्यावर मराठीत लिहिले, आणि १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर नावच तेथील ब्लॅक पँथर संघटनेवरून घेतले.

१९५४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरविला. त्या दाव्यात केनेथ व मॅमी क्लार्क ह्या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या बाहुल्यांच्या प्रयोगाचा उपयोग झाला होता : काळी व गोरी बाहुली पुढे ठेवली असता बहुसंख्य कृष्णवर्णीय मुलेही गोरीलाच चांगली म्हणत. पुढच्याच वर्षी मिसिसिपी राज्यात एमेट टिल ह्या चौदा वर्षांच्या मुलाचा खून झाला. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवविली आणि 'जेट' ह्या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकाने त्या विद्रूप चेहऱ्याचे छायाचित्र छापले. १९६३ साली बर्मिंगहॅम येथे मुलांवर सोडलेली पोलिसी कुत्री व पाण्याचे फवारे दूरचित्रवाणीने घराघरांत नेऊन पोहोचविले. ह्या घटना सर्वश्रुत असल्याने विस्तार करीत नाही.

पाठ्यपुस्तकांचे प्रकरण मात्र इतक्या लवकर मिटले नाही. १९७४ साली मिसिसिपीच्या इतिहासाचे एक नवे शालेय पुस्तक जेम्स लोवेन, चार्ल्स सॅलिस व त्यांचे सहकारी ह्यांनी तयार केले. राज्याच्या निवड-समितीने ते नाकारले. आक्षेपांपैकी एक म्हणजे त्यातील जमावाने केलेल्या हत्येचे छायाचित्र. प्रकरण न्यायालयात गेले. अशा हत्या ह्या राज्यात झाल्याच नाहीत काय, असे न्यायाधीशांनी समितीच्या सभासदास विचारले. झाल्या, पण त्यास फार दिवस झाले, असे उत्तर आले. म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाविरुद्ध, त्यातील गोष्टी जुन्या आहेत, हा आक्षेप! १९८० साली निकाल लेखकांच्या बाजूने लागला.

२०१८ च्या एप्रिलमध्ये अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे, जमावाने मारलेल्या चार हजारांहून अधिक कृष्णवर्णीयांचे स्मारक उघडण्यात आले. त्या दिवशी गावच्या 'मॉन्टगोमेरी ॲडव्हर्टायझर' ह्या जुन्या दैनिकाने, पूर्वी ह्या हत्यांची बातमी आपण ज्या रीतीने दिली तिच्याबद्दल अग्रलेखात लाज व्यक्त केली. २०२३ च्या जानेवारीत फ्लोरिडा राज्याच्या शिक्षणखात्याने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा एक नवा माध्यमिक अभ्यासक्रम नाकारला. त्याच वर्षी जुलैमध्ये तेथे इतिहासशिक्षणाची जी नवी मानके संमत झाली, त्यांत गुलामांनी काही कौशल्ये आत्मसात केली व काही प्रसंगी ती त्यांच्या स्वतःच्या उपयोगी पडली, असे मुलांस शिकवावे अशी एक सूचना होती. शिक्षकांच्या संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. रदरफोर्डबाईंच्या मापदंडाला तेव्हा शंभर वर्षे उलटून गेली होती.